ऑफेलियाचा मृत्यू : राणीचे निवेदन आणि मिलेचे चित्र

साहित्यकृतीवरून काढलेल्या चित्राचा विचार करताना समीक्षा बहुधा दोन प्रश्नांपाशी घुटमळते. चित्र मूळ संहितेशी कितपत प्रामाणिक आहे, हा पहिला प्रश्न. आणि संहिता बाजूला ठेवली तरी ते चित्र म्हणून स्वयंपूर्ण ठरते काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न आवश्यक असले तरी पुरेसे नाहीत. चित्रकार कथेतील एखादा प्रसंग निवडतो तेव्हा तो प्रसंग मूळ कृतीत कोण सांगत आहे, कोणत्या हेतूने सांगत आहे आणि सांगताना काय गाळत आहे, याविषयीही तो, जाणता-अजाणता, एक भूमिका घेत असतो. जॉन एव्हरेट मिले याचे ‘ऑफेलिया’ (१८५१-५२) हे चित्र या तिसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. शेक्सपिअरच्या शोकनायिकांपैकी ऑफेलियाइतकी वारंवार चित्रित झालेली नायिका क्वचितच सापडेल. आणि तिच्या असंख्य चित्रांमध्ये मिलेचे चित्र इतके रुजले आहे, की आज ‘हॅम्लेट’ न वाचलेल्या माणसालाही ऑफेलिया म्हटले की पाण्यावर उताणी तरंगणारी, फुलांनी वेढलेली तरुणी आठवते. एका चित्राने नाटकातील पात्राची जागा घ्यावी, ही घटना साधी नाही.

१. नाटकातील निवेदन

ऑफेलियाचा मृत्यू नाटकात घडताना दिसत नाही. तो सांगितला जातो. संस्कृत नाट्यपरंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सूचित कराव्यात, असा भरताचा संकेत आहे. भासाचे ‘ऊरुभंग’ त्याला अपवाद म्हणून नेहमी दाखवले जाते. परंतु शेक्सपिअरच्या रंगभूमीवर असा निषेध नव्हता. ‘हॅम्लेट’मध्ये पोलोनियस पडद्याआड पण प्रेक्षकांदेखत मारला जातो, शेवटच्या प्रवेशात राणी, लेआर्टीझ, क्लॉडियस आणि हॅम्लेट एकापाठोपाठ एक रंगमंचावरच मरतात. मृत्यूंनी भरलेल्या या नाटकात ऑफेलियाचा मृत्यू मात्र परोक्ष राहतो. बुडण्याचा प्रसंग रंगमंचावर दाखवता येत नाही, हे व्यावहारिक कारण खरेच. तरीही त्याचा अर्थाच्या पातळीवरील परिणाम दुर्लक्षिण्यासारखा नाही. इतरांना मरताना शेवटचे शब्द मिळतात. ऑफेलियाचे शेवटचे गाणेसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून ‘ती गात होती’ एवढ्या वार्तेच्या रूपात येते.

ही वार्ता चौथ्या अंकाच्या सातव्या प्रवेशात राणी गर्ट्रूड आणते. त्या क्षणी क्लॉडियस आणि लेआर्टीझ विषारी तलवारीचा कट रचत आहेत. राणी येऊन बातमी सांगते आणि तिचे सांगणे लगेच काव्याचे रूप घेते. ओढ्यावर झुकलेला विलो, पाण्यात पडलेले त्याच्या पानांचे प्रतिबिंब, रानफुलांचे हार, ते फांदीवर टांगण्यासाठी चढलेली मुलगी, तुटलेली फांदी, पाण्यावर पसरलेली आणि तिला काही काळ तोलून धरणारी वस्त्रे, जुन्या गाण्यांचे तुकडे, आणि शेवटी भिजून जड झालेल्या त्याच वस्त्रांनी तिला गाळात ओढणे, असा हा क्रम आहे. वर्णन इतके तपशीलवार आहे, की एक प्रश्न अटळ ठरतो. हे सारे कोणी पाहिले? आणि ज्याने पाहिले त्याने तिला वाचवले का नाही? नाटक याचे उत्तर देत नाही.

या निवेदनाला आणखी एक बाजू आहे. त्यात फांदी ‘दुष्ट’ आहे, मुलगी मात्र स्वतःच्या संकटाची जाणीवच नसलेली आहे. म्हणजे हा अपघात होता. पुढच्याच प्रवेशात कबर खोदणारे दोघे नेमक्या याच गोष्टीवर वाद घालतात. माणूस पाण्याकडे गेला की पाणी माणसाकडे आले, यावर धर्मविधीचा हक्क ठरतो; आणि ही मुलगी मोठ्या घरची नसती तर तिला पवित्र भूमीत पुरले नसते, असे ते स्पष्ट म्हणतात. धर्मगुरूही तिचा मृत्यू संशयास्पद असल्याचे सांगून विधी अपुरा ठेवतो. या प्रकाशात राणीचे काव्यमय निवेदन ही एक प्रकारची साक्ष ठरते. ती मृत मुलीचा बचाव करते. पण हा बचाव तिची जाणीव आणि तिची इच्छा नाकारूनच उभा राहतो. ऑफेलियाने मरण निवडले असेल काय, हा प्रश्न राणीच्या शब्दांत उमटू शकत नाही.

मराठी वाचकांपुढे हे नाटक गोपाळ गणेश आगरकरांच्या ‘विकारविलसित’ (१८८३) या भाषांतरातून आले. डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवसांत आगरकरांनी या कामाला वेळ दिला होता, हे सर्वश्रुत आहे. शीर्षकच सांगते, की भाषांतरकाराचे लक्ष मनोविकारांच्या खेळावर, पर्यायाने नायकाच्या अंतःकरणावर होते. मराठीतील ‘हॅम्लेट’चर्चा पुढेही मुख्यतः नायकाच्या द्विधेभोवती फिरत राहिली. ऑफेलिया त्या द्विधेची बळी म्हणून येते आणि करुणेचा विषय होते. तिच्या मृत्यूचे कथन हा स्वतंत्र विचाराचा विषय क्वचितच झाला. चित्रकलेने मात्र हेच कथन केंद्रस्थानी आणले.

२. क्षणाची निवड

लेसिंगने ‘लाओकून’ (१७६६) या ग्रंथात काव्य आणि चित्र यांतील भेद सांगताना म्हटले, की काव्याला काळातील क्रिया सांगता येतात, तर चित्राच्या वाट्याला एकच क्षण येतो. म्हणून चित्रकाराने असा क्षण निवडावा, की ज्यातून आधीचे आणि नंतरचे कल्पिता यावे. राणीच्या निवेदनात असे अनेक क्षण आहेत आणि एकोणिसाव्या शतकातील चित्रकारांनी त्यांतून वेगवेगळे क्षण उचलले.

देलाक्र्वाने १८३० ते १८५० या दशकांत हा विषय रंगचित्रांत व शिलामुद्रणात पुन्हा पुन्हा हाताळला. त्याची ऑफेलिया अर्धी पाण्यात असून एका हाताने फांदीला धरून आहे. तेथे फांदी अजून हातात आहे, म्हणून संघर्षाची शक्यताही आहे. आर्थर ह्यूज याने त्याच्याही आधीचा क्षण घेतला. त्याची ऑफेलिया काठावरच्या खोडावर बसून पाण्याकडे पाहते. ती अजून पडलेली नाही. ह्यूजचे हे चित्र आणि मिलेचे चित्र १८५२ च्या रॉयल अकादमीच्या एकाच प्रदर्शनात मांडले गेले, हा योगायोग तुलनेला उपकारक आहे. ह्यूजच्या चित्रात निर्णय बाकी आहे. देलाक्र्वाच्या चित्रात निर्णय असो वा अपघात, तो घडत आहे. मिलेच्या चित्रात घडायचे ते घडून गेले आहे, आणि तरीही मृत्यू आलेला नाही.

वस्त्रे तोलून धरीत आहेत आणि अजून ओढून नेत नाहीत, असा हा दोन वाक्यांमधला अवकाश आहे. राणी तो काही ओळींत पार करते. मिलेने तो कायमचा थांबवला. त्यामुळे फांदी तुटली की सोडली, हा कबर खोदणाऱ्यांचा प्रश्न चित्राच्या चौकटीबाहेर गेला. चित्र अपघातही दाखवत नाही आणि आत्महत्याही. या अर्थी मिले राणीची बाजू पूर्णपणे घेत नाही; परंतु तिच्याप्रमाणेच तोही इच्छेचा प्रश्न टाळतो. पाण्यावर वर उचललेले, तळवे उघडे असलेले दोन हात हे या टाळण्याचे चित्ररूप आहे. त्यांना शरणागती म्हणता येते, प्रार्थना म्हणता येते, हुतात्म्याची मुद्रा म्हणता येते. प्रतिकार तेवढा म्हणता येत नाही.

३. निसर्गाची साक्ष

मिले आणि त्याचे सहकारी यांनी १८४८ मध्ये ‘प्री-रॅफेलाइट’ मंडळ स्थापन केले. त्यांच्यामागे रस्किनच्या ‘मॉडर्न पेंटर्स’ या ग्रंथाची प्रेरणा होती. निसर्गापुढे काहीही न निवडता, काहीही न नाकारता उभे राहावे, हा रस्किनचा उपदेश मिलेने अक्षरशः पाळला. १८५१ च्या उन्हाळ्यापासून शरद ऋतूच्या अखेरीपर्यंत सरे परगण्यातील हॉग्समिल नदीच्या काठी बसून त्याने पार्श्वभूमी रंगवली. विलोचे मोडके खोड, काठावरची जंगली गुलाबाची झुडपे, लव्हाळे, पाण्यावरची पांढरी फुले हे सारे समोर पाहून रंगवलेले आहे. काम महिनोन्महिने चालल्याने वेगवेगळ्या हंगामांतील फुले एकाच वेळी फुललेली दिसतात. प्रत्येक तपशील खरा असूनही त्यांची बेरीज निसर्गात कधीही न दिसणारी आहे.

फुलांची योजना मात्र केवळ निरीक्षणातून आलेली नाही. गळ्यातील व्हायोलेट फुलांची माळ चौथ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशाकडे नेते. वडील मेले तेव्हा व्हायोलेट सुकून गेली, असे ऑफेलिया तेथे म्हणते. पॅन्सीची फुलेही त्याच प्रवेशातील. विलोच्या फांदीवरचा रॉबिन पक्षी तिच्या गाण्याच्या एका तुकड्यातून आलेला आहे. म्हणजे राणीच्या निवेदनात नसलेल्या, पण ऑफेलियाने स्वतः उच्चारलेल्या गोष्टी मिलेने मृत्यूच्या दृश्यात आणल्या. ही बाब महत्त्वाची आहे. राणीच्या शब्दांत मुलीचा आवाज ऐकू येत नाही. चित्रकाराने तिच्याच बोलण्यातील वस्तू तिच्याभोवती ठेवून त्या आवाजाची आठवण जागी केली. याउलट लाल पॉपीचे फूल संहितेत कोठेही नाही. अफूच्या जातीचे हे फूल युरोपीय परंपरेत निद्रा आणि मृत्यू यांचे चिन्ह आहे. ती भर मिलेची आहे आणि तिचा रोख वेदनारहित मृत्यूकडे आहे.

या तपशिलाच्या अतिरेकाबद्दल तत्कालीन टीकाकार नाखूश होते. ‘द टाइम्स’च्या समीक्षकाला शेक्सपिअरची नायिका तणांनी भरलेल्या खड्ड्यात बुचकळलेली पाहणे विकृत वाटले. टीका उपहासाची असली तरी तिने एक खरी गोष्ट हेरली होती. गवताच्या पात्याला आणि मुलीच्या चेहऱ्याला या चित्रात सारखीच निगा मिळते. निसर्ग तिच्यासाठी शोक करत नाही. तो आपल्या जागी फुलत राहतो. राणीच्या निवेदनात फांदीला मत्सर आहे. मिलेच्या झाडांना कोणतीही भावना नाही. काव्याने निसर्गावर टाकलेली जबाबदारी चित्राने काढून घेतली, हा या वास्तववादाचा अनपेक्षित परिणाम होय.

४. पाहणाऱ्याची जागा

नाटकात अनुत्तरित राहिलेला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. हे कोण पाहत आहे? मिलेच्या चित्रात दुसरे मनुष्यपात्र नाही. दृष्टिकोन अलीकडच्या काठावरचा, पाण्याला जवळचा आहे. तिचा उजवा हात आणि त्याच्याभोवती सुटलेली फुले पाहणाऱ्याच्या बाजूला आहेत. आकाश जवळजवळ दिसत नाही. समोरचा काठ झाडोऱ्याने बंद केला आहे. त्यामुळे प्रेक्षकाला नजर दूर नेण्याची सोय उरत नाही. राणीच्या निवेदनातील अनामिक साक्षीदार जेथे असावा नेमक्या त्या जागी चित्र प्रेक्षकाला उभे करते. आणि तो साक्षीदार जे करतो तेच प्रेक्षकही करतो. तो पाहत राहतो.

भारतीय चित्रकलेतील एका जवळच्या उदाहरणाशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. राजा रविवर्मा याचे ‘सीता भूमिप्रवेश’ (१८८०) हे चित्र बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांनी बडोदा दरबारासाठी घेतले होते. तेथेही शोकनायिका एका महाभूतात विलीन होत आहे. पण सीतेला नेण्यासाठी भूमाता स्वतः आली आहे आणि राम समोरच आहे. जबाबदार कोण आणि आश्रय कोणाचा, हे दोन्ही त्या चित्रात मूर्त आहेत. शिवाय सीतेचे जाणे हा तिचा स्वतःचा निर्णय आहे, हे प्रेक्षकाला कथेतून ठाऊक आहे. प्रेक्षकाने करुणा अनुभवायची, निवाडा चित्रातच झालेला आहे. मिलेच्या चित्रात हॅम्लेट नाही, पोलोनियस नाही, राजा नाही. तिला या अवस्थेला आणणारे सगळे पुरुष गैरहजर आहेत आणि स्वीकारणारी माताही नाही. अपराध आणि आश्रय या दोहोंची जागा रिकामी राहिल्याने दृश्य ‘सुंदर’ म्हणून पाहणे अतिशय सोपे होते.

या चित्रावरील स्त्रीवादी आक्षेपाचे मूळ येथे आहे. एलेन शोवाल्टर यांनी १९८५ मधील आपल्या निबंधात ऑफेलियाच्या चित्रणाचा इतिहास हा स्त्रीच्या वेडाविषयीच्या त्या त्या काळातील कल्पनांचा इतिहास असल्याचे दाखवले. बाशलारने १९४२ मध्ये पाण्यातील मरणाला स्त्रीत्वाशी जोडून त्या कल्पनेला जणू नैसर्गिक अधिष्ठान दिले होते. शोवाल्टर यांच्या मांडणीमुळे ते नैसर्गिक नसून घडवलेले आहे, हे उघड झाले. मिलेच्या चित्राने स्त्रीचा मृत्यू देखणा केला, हा आक्षेप म्हणूनच खोडता येत नाही. मात्र तो आक्षेप चित्रातील एका गोष्टीला पुरेसा न्याय देत नाही. ऑफेलियाचे ओठ विलग आहेत, डोळे उघडे आहेत. ती मृत नाही, निद्रिस्त नाही. ती गात आहे, किंवा शेवटचा श्वास घेत आहे. या दोहोंत फरक करणे चित्रात शक्य नाही. देखण्या मृत्यूच्या प्रतिमेला शांत, मिटलेला चेहरा सोयीचा असतो. मिलेचा चेहरा ती सोय करून देत नाही. पाहणारा तिला ‘गेलेली’ समजून हळहळू शकत नाही, कारण ती अजून आहे.

५. चित्रामागील स्त्री

शेक्सपिअरच्या काळी स्त्रीभूमिका मुलगे करीत, आणि ‘विकारविलसित’ रंगभूमीवर आले तेव्हा मराठीतही त्या पुरुषच करीत असत. मिलेच्या चित्रासाठी मात्र एका प्रत्यक्ष स्त्रीला पाण्यात पडून राहावे लागले. तिचे नाव एलिझाबेथ सिडल. चित्रकार आणि मॉडेल दोघांचा जन्म १८२९ चा. नदीकाठचे काम संपल्यावर हिवाळ्यात लंडनच्या गॉवर स्ट्रीटवरील घरात ती चांदीच्या जरीकामाचा जुना झगा घालून टबमध्ये तासन्‌तास पडून राहिली. पाणी कोमट राहावे म्हणून टबाखाली दिवे ठेवले होते. एकदा दिवे विझले; चित्रकाराच्या लक्षात आले नाही आणि ती काही बोलली नाही. ती आजारी पडली, तिच्या वडिलांनी औषधोपचाराचा खर्च मागितला आणि अखेर मिलेने काही रक्कम दिली. हा प्रसंग मिलेच्या मुलाने १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात येतो आणि तेव्हापासून गमतीदार आख्यायिकेच्या सुरात सांगितला जातो. वस्तुतः तो या चित्राच्या अर्थाचा भाग आहे. थंड होत जाणाऱ्या पाण्यात मूकपणे पडलेली स्त्री आणि तिच्याकडे एकाग्रतेने पाहूनही तिची अवस्था न दिसलेला पुरुष, हे नाते कॅनव्हासवर आणि कॅनव्हाससमोर सारखेच होते.

सिडल पुढे दान्ते गॅब्रिएल रोझेटीची पत्नी झाली. १८६२ मध्ये लॉडेनम, म्हणजे अफूच्या अर्काचे अतिसेवन होऊन ती मरण पावली. कॉरोनरच्या चौकशीत निर्णय ‘अपघाती मृत्यू’ असा झाला. आत्महत्येची कुजबूज मात्र थांबली नाही. कबर खोदणाऱ्यांचा वाद येथे जसाच्या तसा परतलेला दिसतो. म्हणूनच चित्रातील पॉपीच्या फुलात तिच्या मरणाची पूर्वसूचना वाचण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळला पाहिजे. फूल रंगवताना मिलेला दहा वर्षांनंतरची घटना ठाऊक नव्हती. आणि सिडलला ऑफेलियाची प्रतिमा मानून तिचे आयुष्य वाचणे म्हणजे राणीप्रमाणे तिची स्वतंत्र जाणीव नाकारणे होय.

तशी जाणीव होती, याचा पुरावा उपलब्ध आहे. सिडल स्वतः कविता लिहीत असे आणि चित्रे काढीत असे. प्री-रॅफेलाइट चित्रकारांच्या १८५७ मधील लंडनच्या प्रदर्शनात तिची चित्रे होती. १८५३-५४ मध्ये तिने काढलेल्या लहानशा आत्मचित्रात फुले नाहीत, पाणी नाही, नाट्य नाही. एक थकलेला, कठोर, सावध चेहरा आहे. मिलेच्या ‘ऑफेलिया’शेजारी हे आत्मचित्र ठेवून पाहिल्याखेरीज पहिल्या चित्राचा विचार पूर्ण होत नाही. तिच्या शवपेटीत रोझेटीने आपल्या कवितांचे हस्तलिखित ठेवले होते आणि १८६९ मध्ये ते मिळवण्यासाठी कबर उघडण्यात आली, हे सर्वांना माहीत असते. तिच्या स्वतःच्या कविता मात्र ती हयात असताना प्रसिद्ध झाल्या नाहीत.

६. समारोप

मिलेचे चित्र १८९४ मध्ये हेन्री टेट याने राष्ट्राला दिलेल्या संग्रहातून लंडनच्या टेट संग्रहालयात आले आणि छापील प्रतींद्वारे जगभर पोहोचले. या प्रसारामुळे ऑफेलियाच्या मृत्यूचे एक निवेदन हेच तिच्या मृत्यूचे सत्य मानले जाऊ लागले. नाटकात त्या निवेदनाला उत्तर देणारे आवाज आहेत. कबर खोदणाऱ्यांची रांगडी शंका आहे, धर्मगुरूचा कोरडा नकार आहे, लेआर्टीझचा संताप आहे. चित्रात ते नाहीत. संहितेपासून सुटलेली प्रतिमा अशा रीतीने संहितेतील वाद मिटवते, आणि साहित्याच्या अभ्यासकाने तो वाद पुन्हा मांडणे आवश्यक ठरते.

तथापि हे चित्र राणीच्या शब्दांचे निव्वळ रूपांतर नाही. त्याने फांदीचा दोष काढून घेतला, ऑफेलियाच्या बोलण्यातील फुले आणि पक्षी तिच्याभोवती परत आणले, तिचे ओठ उघडे ठेवले आणि प्रेक्षकाला त्या निष्क्रिय साक्षीदाराच्या जागी उभे केले. त्याच वेळी तिच्या इच्छेविषयीचा प्रश्न त्याने राणीइतकाच शांतपणे बाजूला ठेवला. या दोन्ही गोष्टी एकत्र मान्य करूनच चित्राचे मूल्यमापन करावे लागते. मराठीत साहित्य आणि दृश्यकला यांच्या परस्परसंबंधाची चर्चा वाढत असताना ‘मूळ’ आणि ‘रूपांतर’ यांच्या निष्ठेच्या हिशेबापेक्षा कथनाचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. शकुंतला, द्रौपदी, सीता यांची जी चित्रे भारतीय घराघरांत पोहोचली, त्यांच्याबाबतीतही हाच प्रश्न विचारता येण्यासारखा आहे.